उंदरांच्या पंगतीला तूप

उल्का नाईकनवरेला दुपारची झोप कधी येत नाही. तशी तिची ख्यातीच आहे. जेवणं झाली की आख्खी संस्था जांभया देत असते आणि ही बाई तरातरा जिने चढत असते. पण आज तिची मान खुर्चीच्या पाठीवर कलली आहे, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला आहे आणि मांडीवर आलेखाचा मोठा कागद पसरला आहे. सलग काही रात्री त्या कागदाशी भांडल्यावर माणूस ताठ तरी किती वेळ बसणार? खिडकीबाहेर एप्रिलचं पुणेरी ऊन आहे. डोक्यावर जुना पंखा टक टक करतोय. डबा अजून उघडलेला नाही. चारला बैठक आहे आणि बैठकीला विषय एकच आहे : एक्केचाळीस बंद करायचं की नाही. 'की नाही' हे आपलं म्हणायला. सगळ्यांची मनं केव्हाच ठरली आहेत.

एक्केचाळीस हे औषध आहे. मूत्रपिंडाचा कॅन्सर हाताबाहेर गेला, फुप्फुसात आणि हाडांत पसरला, की आधीची औषधं काही काळ साथ देतात आणि मग थकतात. त्यापुढे ज्यांना काही उरत नाही त्यांच्यासाठी हे औषध. डॉ. दिगंबर शेवाळे यांनी चाळीस वेळा ते बांधलं, चाळीस वेळा मोडलं, पुढच्या खेपेला जमलं, म्हणून एक्केचाळीस. उल्का म्हणजे त्यांचा उजवा हात. उंदरांच्या अंगातल्या गाठी अशा विरघळल्या की सरांनी साऱ्या संस्थेला पेढे वाटले आणि वर एक पेढा पिंजऱ्यांपुढेही ठेवला. मग शेजारच्या इस्पितळात माणसांवरची चाचणी सुरू झाली. आणि दिवाळीच्या आधी, बॅडमिंटन खेळता खेळता, शेवाळे सर कोर्टावरच कोसळले ते उठलेच नाहीत.

सर गेले आणि औषधही आपटलं. रोग्यांच्या रक्तात ते पोचतच नाही. डोस वाढवला तरी रक्तातलं प्रमाण ढिम्म हलत नाही. अपवाद एकच, ओतूरच्या सगुणाबाई डुंबरे. त्यांच्या रक्तात औषध मुबलक सापडतं आणि त्यांच्या फुप्फुसातले डाग निम्मे विरले आहेत. का? कुणालाच ठाऊक नाही. 'बाईंचं लिव्हर वेगळं असेल,' असं म्हणून सगळे मोकळे झालेत. औषध बंद झालं की सगुणाबाईंच्या कॅप्सूलही बंद होणार. ज्या एका बाईला ते वाचवतंय तिच्याच तोंडातून ते काढून घ्यायचं, आणि कारण काय, तर बाकीच्यांना वाचवत नाही. उल्काच्या घशात तोच घास अडकलाय.

पंखा टक टक करतोय. पापण्या जड होतायत. टक. टक. आता ती टकटक पंख्याची राहिलेली नाही, रॅकेटवर बॅडमिंटनचं फूल आपटल्याची झाली आहे. उल्काला त्याचं नवल वाटत नाही. ती डोळे न उघडताच म्हणते, "सर, इथे काचेचं सामान आहे."

"माहितीये गं मला. मीच विकत घेतलंय ते."

शेवाळे सर तिच्या टेबलावर पाय हलवत बसले आहेत. पांढरी अर्धी चड्डी, घामाने भिजलेला शर्ट, हातात रॅकेट. चेहरा तोच, कुणीतरी आत्ताच मोठं बक्षीस जाहीर केल्यासारखा.

"काय गं उल्के, एक्केचाळिसाचं बारसं मी केलं आणि बाराव्याचं मला आमंत्रणसुद्धा नाही होय?"

"सर, तुमचाच तर बारावा..."

"झाला. कळलं मला. लाडू कसे होते?"

"बुंदीचे. जरा कोरडेच होते."

"तरी म्हटलं!" सर मांडीवर थाप मारतात. "शालनला सांगत होतो जन्मभर, कोरडं काही घशाखाली उतरत नाही माणसाच्या. पण बायको आणि संचालक, दोघंही ऐकून घेतात आणि आपल्याला हवं तेच करतात."

उल्काला हसू फुटतं आणि त्याच वेळी डोळेही भरून येतात. या माणसाला विचारायचे किती प्रश्न तिने साठवून ठेवलेत, आणि आता एकही आठवेल तर शपथ.

सर खिशातून स्टीलची चपटी डबी काढतात. ही डबी संस्थेतल्या झाडूवाल्यापासून संचालक सबनीसबाईंपर्यंत सगळ्यांच्या ओळखीची. तिच्यात घरचं तूप असतं. सरांची रक्तदाबाची गोळी रोज त्या तुपात बुडून मग पोटात जायची. त्यांच्या आईची शिकवण होती की औषध कधी एकटं पाठवू नये, त्याला अनुपान हवं. कधी मध, कधी दूध, कधी तूप, पण सोबत हवीच. प्रयोगशाळेतल्या मुली चिडवायच्या, 'सर, तुमचं बीपी तुपानेच वाढतंय!' आणि सर म्हणायचे, 'वाढू दे, पण चवीनं वाढू दे.'

आत्ताही ते गोळी तुपात बुडवून गिळतात, अंगठा चाटतात आणि तोच अंगठा तिच्या मांडीवरच्या कागदावर टेकवतात. उजवा अंगठा, त्यावर काचेने कापल्याची जुनी आडवी खूण.

"ही एकटी वर चढलेली रेघ कुणाची?"

"सगुणाबाईंची. अहो सर, कागद खराब होईल! चारला दाखवायचाय."

"दाखव की. चल, तोवर जरा फिरून येऊ."

"कुठे?"

"आत."

ते थंड खोलीचं जाड दार उघडतात. उल्का रोज त्या खोलीत जाते. आत बाटल्यांचे कप्पे असतात, बर्फ असतो आणि कुणीतरी लपवून ठेवलेलं आइस्क्रीम असतं. आज आत जिना आहे. नव्या इमारतीचा जिना, ओल्या रंगाचा वास येणारा, कठड्याला अजून प्लॅस्टिक गुंडाळलेला. दोन्ही बाजूंना फ्लॅट आणि सगळ्यांची दारं सताड उघडी. आत ना खाट, ना कपाट, ना माणूस. नुसत्या पांढऱ्या भिंती.

"विकले गेले नाहीत वाटतं," उल्का म्हणते, आणि म्हणता म्हणता थबकते. हे तिने पाहिलंय. रोज पाहते ती सूक्ष्मदर्शकातून. बारीक भिंती, आत स्वच्छ पोकळी, एकाला लागून एक. मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी अश्शाच दिसतात. म्हणून तर डॉक्टर त्यांना क्लिअर सेल म्हणतात.

"सर! आपण आत आहोत!"

"मग! बाहेरून किती वर्षं डोकावणार?" सर दोन दोन पायऱ्या चढतायत. मेल्यावर माणसाचे गुडघे दुखायचे थांबत असावेत.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आरोळी येते. "मेलो रे! गुदमरलो! हवा नाही! कुणीतरी धावा!"

उल्का धावत वर जाते. खोलीत चारी खिडक्या उघड्या आहेत आणि वारा नुसता घोंघावतोय. कोपऱ्यात एक गुबगुबीत गृहस्थ उभा राहून बोंबलतोय. खाली रस्त्यावर मजुरांच्या टोळ्या धावाधाव करतायत, त्याच्यासाठी नवे नळ टाकतायत, आणि नळांतून लाल पाणी उसळत वर येतंय. ते पिऊन तो आणखी फुगतो आणि पुन्हा बोंब मारतो.

"हाच तो, पेशीतला खोटारडा निरोप्या," सर कौतुकाने म्हणतात. "हवा खाऊन खाऊन फुगलाय आणि म्हणतोय हवा नाही. आणि शरीर किती भोळं बघ, दर वेळी विश्वास ठेवतं आणि नव्या रक्तवाहिन्या पाठवतं. याचं तोंड दाबायला आपण चाळीस वेळा माती खाल्ली."

"आणि पुढच्या वेळी दाबलं, सर! उंदरांमध्ये हा गप्प बसला होता. मी स्वतः पाहिलंय."

"मग माणसांमध्ये का नाही बसत?"

"आपलं औषध या मजल्यापर्यंत येतच नाही. खाली रस्त्यावरच पोचत नाही, तर वर कुठून येणार?"

"हं." सर एका भिंतीवर रॅकेट टेकवून उभे राहतात. "एक साधा प्रश्न विचारतो. ही घरं रिकामी का?"

"सर, हा पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे."

"मग पहिल्या वर्षाच्या मुलीसारखं उत्तर दे. लाजतेस काय?"

"रिकामी नसतात. चरबीने गच्च भरलेली असतात. काचपट्टी तयार करताना आपण ती स्पिरिटमधून काढतो, तेव्हा चरबी धुऊन जाते. मागे पोकळी तेवढी दिसते."

"म्हणजे आपणच धुऊन टाकायचं आणि मग म्हणायचं, अरेच्चा, इथे काहीच नाही!" सर खो खो हसतात. "आठव बाई, आठव. आणखी काय काय धुऊन टाकलंस तू?"

काहीतरी आहे. अगदी जिभेच्या टोकावर आहे. ती भिंतीला हात लावते तर हात ओशट होतो. पांढऱ्या भिंतीतून पिवळसर, दाणेदार काहीतरी पाझरतंय आणि घरभर कढवलेल्या लोण्याचा खमंग वास सुटलाय. तिला सकाळपासून पोटात काही नसल्याची आठवण होते.

"सर, भूक लागली."

"अगं मग पानं वाढलीत की."

आणि खरंच, समोर उंदीरघर आहे. संस्थेच्या मागच्या बाजूचं, कायम कुलूपबंद असणारं. पण आज दाराला आंब्याचं तोरण आहे, पिंजरे भिंतीला लावून ठेवलेत आणि मधल्या लांबलचक जागेत पंगत बसली आहे. उजव्या ओळीत उंदीर. एकेक पांढराशुभ्र उंदीर मागच्या पायांवर नीट बसलाय आणि प्रत्येकापुढे इवलासा द्रोण आहे. डाव्या ओळीत माणसं. उल्का त्यांना ओळखते. हे निवृत्त एसटी कंडक्टर गोडसे, डोक्याला स्कार्फ बांधलेल्या या शिक्षिका, आणि पलीकडे डोक्यावर पदर घेतलेल्या सगुणाबाई. सगळे चाचणीतले रोगी, सगळे भुकेले आणि सगळे शहाण्यासारखे हात मांडीवर ठेवून बसलेले. प्रत्येकाच्या पानात पांढऱ्या भाताची मूद आहे. मुदीवर एकेक कॅप्सूल ठेवली आहे.

सर कमरेला उपरणं खोचून वाढायला लागलेत. त्यांच्या हातात तुपाचं भांडं आहे. "तूप घ्या, तूप! लाजू नका!" उजव्या ओळीतून ते झपाझप पुढे सरकतात. प्रत्येक उंदराच्या भातावर धार. उंदीर मिशा हलवत मिटक्या मारतायत. ओळ संपते, सर वळतात आणि भांडं बाजूला ठेवून देतात.

"अहो," कंडक्टर गोडसे हळूच म्हणतात, "इकडे तूप राहिलं."

"या ओळीला नाही," सर म्हणतात. "या ओळीला कोरडंच. वर पाणी प्या. तसं ठरलंय."

गोडसे मान खाली घालून कोरडा भात तोंडात घालतात. तो त्यांना गिळता येत नाही. घास तोंडात फिरतोय, डोळ्यांत पाणी आलंय, तरी बिचारे तक्रार करत नाहीत. शेजारच्या शिक्षिकाबाईही तशाच. उल्काच्या तळपायाची आग मस्तकात जाते. स्वप्न असो की जागेपण, समोर मृत माणूस असो की जिवंत, ही गोष्ट तिला कुणाकडूनच खपायची नाही.

"सर! हे काय चाललंय? एकाच पंगतीत एका ओळीला तूप आणि दुसरीला नाही? हा पंक्तिप्रपंच झाला! तुमच्या आईनं हे शिकवलं तुम्हाला?"

सर गर्रकन वळतात. त्यांचा चेहरा फुलून आलाय. "काय म्हणालीस? परत म्हण."

"पंक्तिप्रपंच! उंदरांना तूप आणि माणसांना..."

ती थांबते. उंदरांनीसुद्धा मिशा हलवायच्या थांबवल्यात.

"तेल," उल्का म्हणते.

"मोठ्यानं!"

"मक्याचं तेल! सर, अहो सर! एक्केचाळीस पाण्यात विरघळत नाही म्हणून आपण उंदरांना ते मक्याच्या तेलात घोळून दिलं होतं! नळीने पोटात! प्रत्येक उंदराला, प्रत्येक वेळी! आणि माणसांना..." तिला श्वास पुरत नाही. "माणसांना कोरडी भुकटी भरलेली कॅप्सूल, उपाशी पोटी, वर पेलाभर पाणी!"

"तेल कुठे गेलं मग?"

"धुऊन टाकलं आपणच! ते आम्ही औषधात धरलंच नाही. तेल म्हणजे काय, नुसतं वाहून न्यायला! आम्ही उंदीरवाल्यांनी ते घातलं, कॅप्सूलवाल्यांनी ते काढलं, आणि इस्पितळाला ते कधी होतं हेच माहीत नाही. जेवणाबरोबर देऊन बघू म्हटलं होतं, पण ते पुढच्या टप्प्यात ढकललं. उपाशी पोटी दिलं की हिशेब सोपा!" ती आता चक्क नाचते आहे. लग्नातसुद्धा न नाचलेली बाई उंदरांच्या पंगतीत नाचते आहे. "सर, औषध खोटं नाहीये! औषध चांगलं आहे! ते भिजलंच नाही हो, विरघळलंच नाही, तसंच्या तसं पोटातून निघून गेलं! म्हणून तर डोस वाढवून उपयोग होईना! कोरडं ते कोरडंच, एक खा नाहीतर चार खा!"

"आणि मग या बाईंचं लिव्हर?"

दोघंही वळून बघतात. सगुणाबाईंनी कनवटीची डबी काढली आहे. स्टीलची, चपटी. बोटाने तूप काढून त्या हळूच आपल्या कॅप्सूलवर लावतायत, आणि उल्काशी नजरानजर होताच चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखी जीभ चावतायत. ही डबी उल्काने पाहिलीय. इस्पितळात एकदा त्यांच्या उशाशी होती. तेव्हा तिला ती मिश्रीची वाटली होती, आणि 'बाई, आता तरी सोडा ती,' असं सांगून ती पुढे गेली होती. बाईंनीही निमूट मान डोलावली होती.

"बाईंचं लिव्हर चारचौघींसारखंच असेल," उल्का पुटपुटते. "बाई अनुपानवाल्या आहेत."

"असतील," सर म्हणतात. "नसतीलही. स्वप्नात पाहिलेल्या डबीवर कुणी शास्त्र उभं करतं का? आधी जाऊन विचार. इतरांनाही विचार. रक्त तपास. एका बाईवरून शहाणी होऊ नकोस."

"नाही होणार."

"आणि दुसरं. तुपानं कॅन्सर बरा होत नाही. हे मोठ्या अक्षरात लिहून ठेव, नाहीतर उद्या कुणीतरी आपल्या नावावर तुपाचे डबे विकायला बसेल. तूप फक्त औषधाला उंबरठ्याच्या आत घेतं. आणि एकदम जास्त आत आलं तर? तेही बाधेल. तेव्हा सांभाळून. थोड्या डोसपासून, रीतसर, इस्पितळातल्या डॉ. इनामदारांच्या देखरेखीखाली."

"हो सर. थोड्यापासून. जेवणाबरोबर. आणि कॅप्सूलवाल्यांना म्हणते, भुकटी नको, तेलातच भरून द्या. मऊ कॅप्सूल येतेच की तशी!"

"आणि तरीही नाही चाललं तर?"

उल्का डाव्या ओळीतल्या माणसांकडे बघते. "तर बंद करू. पण तूप वाढून झाल्यावर."

"शाब्बास!" सर एवढ्या जोरात म्हणतात की तोरणाची पानं हलतात.

पंगत कधी उठली ते कळत नाही. उंदीर नाहीत, माणसं नाहीत. दोघं बॅडमिंटनच्या कोर्टावर उभे आहेत. मध्ये जाळी आहे. सर पलीकडे आहेत आणि उल्का अलीकडे. तिच्याही हातात रॅकेट आहे, जी तिने जन्मात कधी धरलेली नाही. सर फूल उडवतात, ती परतवते. टक. टक. ते खाली पडत नाही.

"सर, तुम्ही असता ना, तर हे आधीच लक्षात आलं असतं."

"छट्! डोंबल! मी स्वतःची गोळी जन्मभर तुपात घेतली आणि रोग्यांची कोरडी पाठवली. सही माझीच आहे त्यावर. इथे आल्यावर आई केवढी हसली मला. म्हणाली, दिग्या, एवढा शिकलास आणि लोकांच्या पोरांना कोरडंच वाढलंस होय रे?"

"दुखलं का हो तुम्हाला? त्या दिवशी?"

"काही नाही गं. एक अवघड फूल होतं, वाटलं घ्यावं. घेतलंसुद्धा!" त्यांच्या डोळ्यांत अजून त्या फटक्याचा आनंद आहे. "पॉइंट माझा होता. शालनला सांग. ते तिला कुणी सांगितलंच नसेल."

"तुमची फार आठवण येते, सर." उल्का रडते आहे आणि फूलही परतवते आहे. "प्रयोगशाळेत कुणी मोठ्याने हसतच नाही आता. सगळे चांगले आहेत. पण हसत नाहीत."

"मग तू हस. तुला येतं की. मघाशी नाचत होतीस ती कोण मग?" सर रॅकेट मागे घेतात. "चल, वेळ झाली. हे शेवटचं. सोडू नकोस हं, अवघड आहे."

फूल उंच जातं, खूप उंच, दिव्यांच्याही वर. उल्का मान वर करून मागे मागे सरकते, हात उंचावते आणि टक.

टक. टक. पंखा.

उल्का ताडकन उठून बसते. चष्मा पडतो. उजवा हात अजून वर आहे. बाहेर तेच ऊन आहे आणि भिंतीवरच्या घड्याळाने चाराकडे चांगलीच वाट धरली आहे. ती चष्मा शोधत नाही, फोन शोधते. इस्पितळात चाचणीचं काम पाहणाऱ्या पठारे सिस्टरना लावते.

"सिस्टर, सगुणाबाई डुंबरे आज तपासणीला आल्यात ना? त्या कॅप्सूल कशाबरोबर घेतात, विचारा."

"मॅडम, पाण्याबरोबर. उपाशी पोटी. दर वेळी विचारतो आम्ही."

"तसं नाही. उपाशी पोटी घेता ना, असं विचारलं की सगळे हो म्हणतात. त्यांच्याजवळ स्टीलची डबी आहे. त्यात काय असतं ते विचारा. आणि रागावू नका हो, प्लीज. गोड बोलून विचारा."

पलीकडे बराच वेळ कुजबुज चालते. मग सिस्टर फोन सरळ बाईंच्याच हातात देतात.

"म्याडम?" सगुणाबाईंचा आवाज घाबरलेला आहे. "मला काढनार का तुमी?"

"नाही हो बाई. कुणी काढत नाही तुम्हाला. खरं तेवढं सांगा. डबीत काय असतं?"

"तूप. घरचं हाय, गाईचं." बाई आवाज खाली आणतात. "आवो, आमच्या सासूबाई सांगायच्या, औषध कोरडं घातलं की रुसून माघारी जातंय. म्हनून एक चमचा घेती त्याच्यासंगं. पैल्या दिसापास्नं. सिस्टर इचारतात, उपाशी पोटी का? मी म्हनती हो. खोटं न्हाई बोलले मी. एक चमचा तूप म्हंजी काय जेवान झालं व्हय?"

उल्का हसते. सरांसारखी, मोठ्याने, खो खो. बाहेरच्या व्हरांड्यातून जाणारी दोन माणसं दचकून आत बघतात. हसता हसता तिला हुंदका येतो आणि तिकडून बाई घाबऱ्या घाबऱ्या विचारतात, "म्याडम, रडता का वो? माझं काय चुकलं का?"

"नाही, सगुणाबाई. आमचं चुकलं. तुम्ही आत्ता काही बदलू नका. डॉ. इनामदार स्वतः येऊन बोलतील तुमच्याशी. आणि बाई, ते तूप खाली ठेवा ना जरा, रक्त काढून होईपर्यंत!"

ती फोन ठेवते. आता पळायला हवं. सबनीसबाई बैठक वेळेवर सुरू करतात आणि नको असलेले विषय त्याहून वेळेवर संपवतात. उल्का पायाशी पडलेला चष्मा डोळ्यांवर चढवते आणि मांडीवरून घसरलेला आलेखाचा कागद उचलते.

कागदावर डाग आहे. सगुणाबाईंच्या एकट्या वर चढलेल्या रेघेवर, बरोबर टोकाला. उल्का डब्याकडे बघते. तो तसाच कपाटावर आहे, झाकण लावलेला. ती कागद खिडकीशी धरते. डागाच्या जागी कागद आरपार झालाय आणि त्यातून ऊन येतंय. चांगला रुंद अंगठ्याएवढा डाग आहे. त्याच्या मधोमध एक बारीक आडवी रेघ तेवढी कोरडी राहिली आहे.

ती त्यावर आपला अंगठा ठेवून बघते. तिचा बराच लहान आहे. नाकाशी नेते तर कढवलेल्या लोण्याचा वास येतो.

दुसरी स्वच्छ प्रत छापायला वेळ आहे. पण ती छापत नाही. तोच कागद छातीशी धरून ती जिन्याकडे धावत सुटते.